आंत्रपुच्छाची कैफियत

लहान आतडे जेथे मोठ्या आतड्यास मिळते, तेथे पोटाच्या उजव्या बाजूस खाली उंडुक नावाची पिशवी असते, आणि त्या पिशवीस लागून एका टोकाने बंद असलेली, साधारणपणे ८ ते १० सेंटिमीटर लांबीची जी बारीक नळी लोंबत असते, तिलाच आंत्रपुच्छ अथवा अपेंडिक्स म्हणतात. चार्ल्स डार्विनने १८७१ साली मानवाच्या उत्पत्तीवर लिहिलेल्या ग्रंथात, आहार बदलल्यामुळे आक्रसलेल्या प्राचीन उंडुकाचा अवशेष म्हणून तिची नोंद केली, आणि तेव्हापासून शंभरांहून अधिक वर्षे ही नळी शरीराच्या दप्तरात ‘निरुपयोगी’ याच सदराखाली दाखल राहिली.

हा फैसला घाईचा होता असे आता म्हणावे लागते. या नळीच्या भित्तींत रोगप्रतिकार करणाऱ्या पेशींचे पुंजके दाटलेले असतात, हे सूक्ष्मदर्शकाने पूर्वीच दाखविले होते. पुढे २००७ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी असे प्रतिपादन केले की, पटकीसारख्या विकाराने आतडी धुऊन निघाली तरी उपकारक जंतूंचा थोडा साठा या आडबाजूच्या नळीत शाबूत राहतो, आणि कुणब्याने कणगीत राखलेल्या बियाण्याप्रमाणे त्यातूनच पुढे नवी वस्ती उभी राहते. हे अनुमान सर्वस्वी सिद्ध झालेले नाही. परंतु सस्तन प्राण्यांत हा अवयव स्वतंत्रपणे तीसहून अधिक वेळा उत्पन्न झाला असावा असे तुलनात्मक अभ्यासांतून दिसते, आणि निरुपयोगी वस्तूचा इतका हव्यास निसर्ग सहसा धरीत नाही.

असे असले तरी, ही नळी बिघडली म्हणजे तिच्या उपयुक्ततेची चर्चा बाजूस ठेवावी लागते. मळाच्या खड्याने किंवा आतल्याच सुजेने तिचे तोंड बंद झाले की स्राव कोंडतो, दाब वाढतो, रक्ताभिसरण खुंटते आणि जंतू माजतात. प्रथम बेंबीभोवती मोघम दुखते, अन्नावरची वासना उडते, मळमळते, आणि काही तासांनी तेच दुखणे उजवीकडे खाली उतरून एका जागी ठाण मांडते. लहान मुले, वृद्ध आणि गर्भवती यांच्यात मात्र हा क्रम पुष्कळदा मोडतो. अशा वेळी आपल्याकडील घरोघरच्या वडीलधाऱ्यांच्या हाती एरंडेलाची बाटली येत असे. तिने नळी फुटण्याचा धोका वाढतो, आणि फुटलेल्या नळीतील पू पोटभर पसरला तर प्रसंग प्राणावर बेततो. फुटल्यावर काही काळ वेदना कमी होते, आणि घरच्यांस उतार पडल्याचा भास होतो, हे त्यातले सर्वांत फसवे.

बोस्टनच्या रेजिनल्ड फिट्झने १८८६ साली या दुखण्याचे मूळ निर्विवादपणे या नळीत दाखविले. पण सामान्य जनांच्या तोंडी या दुखण्याचे नाव बसविले ते एका बादशहाने. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक २६ जून १९०२ रोजी व्हावयाचा, देशोदेशींचे पाहुणे लंडनला जमलेले, कोल्हापूरचे शाहू छत्रपतीही त्यासाठीच विलायतेस गेलेले, आणि ऐन वेळी बादशहाचे पोट दुखू लागले. समारंभ तहकूब करावयास तो राजी होईना. शल्यविशारद फ्रेडरिक ट्रीव्ह्ज मात्र हटला नाही; याच रोगाने त्याची स्वतःची मुलगी दोन वर्षांपूर्वी दगावली होती. २४ जून रोजी बकिंगहॅम राजवाड्यातच त्याने शस्त्रक्रिया केली आणि गळवातील पू काढून दिला. आंत्रपुच्छास त्याने हातही लावला नाही. राज्याभिषेक ९ ऑगस्टला पार पडला.

आज बहुधा दुर्बिणीतून ही नळी काढून टाकतात, आणि ती गेल्यावर माणूस पूर्ववत जेवतो-खातो. दाह साधा असेल तर केवळ प्रतिजैविकांवरही पुष्कळांस आराम पडतो. तथापि अमेरिकेत १,५५२ रुग्णांवर झालेल्या व २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, औषधे दिलेल्यांपैकी दहांत सुमारे तिघांना नव्वद दिवसांच्या आत शस्त्रक्रिया करून घ्यावीच लागली, आणि ज्यांच्या नळीत खडा होता त्यांच्यात हे प्रमाण अधिक होते.