जलतरण-संघटनेचे निर्जळी वर्ष

पोहणे ही विद्या आपल्याकडे पूर्वी कोणी मुद्दाम शिकवीत नसे. ती घरातल्या घरातच उतरत असे. काका किंवा थोरला भाऊ मुलाच्या पाठीस पत्र्याचा डबा, नाही तर पांगाऱ्याचे बिंडे बांधून त्यास विहिरीत ढकलून देई. दोनचार गटांगळ्या खाल्ल्या, नाकातोंडात थोडे पाणी गेले, म्हणजे हातपाय आपोआप चालू लागत. आणि एका उन्हाळ्यात तो मुलगा पट्टीचा पोहणारा नव्हे तरी निदान न बुडणारा होई. एवढ्यासाठी अध्यक्ष, चिटणीस, कोषाध्यक्ष आणि छापील घटना असलेली संस्था लागते, असे आमच्या वडिलांस कोणी सांगितले असते तर त्यांनी ते थट्टेवारीच नेले असते. स्मृतिकारांनी तर स्नातकाने हातांनी पोहून नदी ओलांडू नये असाच निर्बंध घातला आहे. तथापि शाळेतून निवृत्त झाल्यावर अशाच एका हौशी जलतरण-संघटनेचे चिटणीसपद आमच्याकडे आले. कृष्णाकाठच्या आमच्या भागात ती पुष्कळ वर्षे काम करीत आहे. तिचे सन २०२०-२१ हे वर्ष कसे गेले ते सांगावयाचे योजिले आहे.

अशा संस्थेचा प्रपंच कसा चालतो याची वाचकांपैकी बहुतेकांस कल्पना नसेल. तिच्या मालकीचा तलाव नसतो. तो दुसऱ्याचा, तासांच्या बोलीवर घेतलेला. नोंदणी मात्र दुहेरी, म्हणजे सोसायट्यांच्या १८६० च्या कायद्याखाली आणि सार्वजनिक विश्वस्त संस्थांच्या १९५० च्या कायद्याखाली. त्यामुळे दरवर्षी हिशेब तपासून धर्मादाय कार्यालयाकडे धाडावयाचे, कार्यकारिणीत कोणी आले-गेले की बदल अर्ज करावयाचा. स्पर्धा घ्यावयाच्या, वेळा नोंदवावयाच्या, राज्यस्पर्धेसाठी संघ निवडावयाचा, आणि निवड न झालेल्या मुलाच्या आईबापांची बोलणी ऐकावयाची. आम्ही सारे हौशी. कोणास छदाम मिळत नाही. उत्पन्न म्हणाल तर उन्हाळी वर्गांची फी. एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत मुलांची झुंबड उडते आणि त्या पैशावर बाकीचे दहा महिने संस्था जगते. शेतकऱ्याचे जसे मृगाकडे डोळे, तसे आमचे वार्षिक परीक्षा संपण्याकडे.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला, त्यातून आमची मंडळी कशीबशी सावरली होती. पुरात भिजलेल्या नोंदवह्या उन्हात वाळवून पुन्हा बांधून घेतल्या होत्या, उन्हाळी वर्गांची पत्रके छापून झाली होती, आणि २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी झाली. तलाव त्याआधीच बंद झाला होता. पत्रकांचे गठ्ठे आमच्या माडीवर पडून राहिले. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर घरातल्या मुलांनी त्या वर्षीची सारी गणिते सोडविली.

बंद तलाव म्हणजे कुलूप घातलेली खोली नव्हे, ही गोष्ट ज्यांच्या हातात तलाव असतो त्यांसही ठाऊक नसते. पन्नास मीटर लांब, पंचवीस मीटर रुंद आणि सरासरी दोन मीटर खोल अशा तलावात पंचवीस लाख लिटर पाणी मावते. ते वाळूच्या गाळणीतून सतत फिरते ठेवावे लागते. क्लोरीनचे प्रमाण लिटरमागे साधारण एक ते तीन मिलिग्रॅम राखावे लागते, आणि सूर्यप्रकाशाने तो क्लोरीन दररोज उडून जात असतो. पंप थांबला आणि चैत्राचे ऊन असले, तर आठपंधरा दिवसांत पाण्यास हिरवी झाक येते, मग भिंती बुळबुळीत होतात, मग डास. बरे, पाणी काढूनच टाकावे म्हटले तर तेही निर्धोक नाही. नदीकाठच्या जमिनीत वरपर्यंत पाणी असते, आणि आतला भार नाहीसा झाला की खालचे पाणी तळाच्या फरश्या उचलून काढते. म्हणून दिवसातून दोन तास तरी पंप चालवा, एवढीच आमची विनंती होती. तलाव ज्या कार्यालयाच्या ताब्यात होता त्यास आम्ही यासाठी एकामागून एक पत्रे लिहिली. तिसऱ्या पत्रास उत्तर आले: तलाव बंद असल्याने वीजखर्चास मंजुरी देता येत नाही. व्याकरणदृष्ट्या उत्तर निर्दोष होते. मे अखेरीस भिंतीवरून डोकावून पाहिले तेव्हा पाणी शेवाळलेल्या डबक्याप्रमाणे दिसत होते आणि त्यात बेडूक सुखाने पोहत होते. त्या साली आमच्या तलावात नियमित सराव केला तो त्यांनीच.

मुलांचे हाल निराळेच होते. धावणाऱ्यास गच्ची असते, मल्लास घरात जोर-बैठका असतात. पोहणाऱ्यास पाण्यावाचून दुसरे काही चालत नाही. खिडकीच्या गजास रबरी नळी बांधून हात ओढणे, दोरीवरच्या उड्या, पोटाचे व्यायाम, हे सर्व आमच्या शिक्षकांनी फोनवर चित्रे दाखवून करून घेतले. त्याने दम टिकतो, परंतु तळहातास पाण्याची जी जाणीव असते ती जाते. जून २०२० मध्ये कोल्हापूरचा ऑलिम्पिकपटू वीरधवल खाडे याने, तलाव असेच बंद राहिले तर निवृत्तीचा विचार करावा लागेल, असे उघडपणे सांगितले. २०१० च्या आशियाई क्रीडास्पर्धेत ज्याने पदक मिळविले त्याची ही कथा, तर आमच्या पोरांची काय असणार! कुमारांच्या स्पर्धा वयाच्या गटांनी होतात. पंधरावे लागले की मुलगी सतरा वर्षांच्या मुलींच्या पंक्तीस जाऊन बसते, आणि सतरा संपले की कुमारपण कायमचे संपते. जी मुले २०२० मध्ये सतरा वर्षांची होती त्यांचे ते शेवटचे वर्ष स्पर्धेवाचून गेले, आणि ते कोणत्याही परिपत्रकाने परत मिळण्यासारखे नव्हते. राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात, तेव्हा प्रमाणपत्राची किंमत केवळ भिंतीवर टांगण्यापुरती नाही, हेही सुज्ञांस सांगणे नलगे.

नदीत पोहा, असे मुलांस सांगावे तर पलूस तालुक्यापासून सांगलीपर्यंतच्या कृष्णेच्या पात्रात मगरींचा वावर. तेव्हा मुले वळली विहिरींकडे, आणि विहिरींपेक्षा अधिक शेततळ्यांकडे. या शेततळ्यांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे, कारण आमच्या पिढीने ती लहानपणी पाहिलेली नाहीत. सरकारने २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना चालविली, त्यायोगे व त्याआधीच्या योजनांमुळे ठिकठिकाणी चौकोनी तळी झाली. पाणी जिरू नये म्हणून पुष्कळांच्या तळास व उतारास जाड प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. दिसावयास ते तलावासारखेच, किंबहुना निळेशार असल्याने अधिकच मोहक. परंतु विहिरीस पायऱ्या असतात, निदान कपारी असतात. या कागदास काही नसते. ओल्या, शेवाळलेल्या उतारावर पाय ठरत नाही, हात धरीत नाही. चांगला पोहणारा मनुष्यही काठाशी येऊन, काठ हाताशी असताना, दमून बुडतो. मे महिन्यात आमच्या भागातील दोन शाळकरी भाऊ असेच गेले. धाकटा घसरला आणि थोरला त्यास काढावयास उतरला. थोरला आमच्या वर्गात शिकलेला होता. त्यास पोहता येत होते.

या बातमीनंतर कार्यकारिणीची सभा फोनवरच भरली. संस्थेच्या ठेवीत काही रक्कम होती. नव्या घड्याळयंत्रासाठी ती चार वर्षे साठविलेली होती. इकडे तलावावरचे सात जीवरक्षक मार्चपासून घरी बसले होते, आणि ज्या ठेकेदाराकडे ते होते त्याने पगार बंद केला होता. आम्ही असे मांडले की, ही रक्कम मोडून या सातजणांस तीन महिने निम्मा पगार द्यावा, आणि त्यांनी गावोगाव हिंडून शेततळ्यांच्या चारही काठांस गाठी मारलेले दोर आणि टायरच्या फुगविलेल्या ट्यूबा बांधाव्यात.

आमच्या कोषाध्यक्षांनी कडाडून विरोध केला. हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले, अत्यंत सचोटीचे, आणि आम्हांस त्यांच्याविषयी आदरच आहे. ते म्हणाले, “गुरुजी, घटनेत आपला उद्देश जलतरणाचा प्रसार करणे हा लिहिलेला आहे. दोर बांधणे हे जलतरण नव्हे. उद्या धर्मादाय कार्यालयाने विचारले तर उत्तर कोण देणार?”

प्रश्न रास्त होता. आम्ही आमच्या जुन्या धंद्याचा आश्रय केला. धातुपाठात तॄ या धातूचे अर्थ दोन सांगितले आहेत, तरंगणे आणि तरून जाणे. याच धातूपासून तीर्थ, याचपासून तारक, याचपासून नाव या अर्थाचा तरी हा शब्द. तेव्हा तरण म्हणजे केवळ शंभर मीटर अंतर अमुक सेकंदांत कापणे नव्हे. पैलतीरास लागणे हा त्याचा अर्थ, आणि दोराने तीरास लागलेला मनुष्यही तरलाच. कोषाध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “हे हिशेब तपासनिसास संस्कृतात लिहून द्यावे लागेल.” ठराव एका मताने संमत झाला. त्यांनी विरोध नोंदवून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या दोरांच्या गुंडाळ्या स्वतःच्या गाडीत घालून तेच पोचवून आले.

जीवरक्षकांनी दोर तर बांधलेच, परंतु एक मोठे काम आम्ही न सांगता केले. बुडालेल्यास बाहेर काढल्यावर त्याचे पाय धरून गरगर फिरविणे, पालथा घालून पोट दाबणे, असले उपचार खेड्यांत अजून चालतात. त्यांत अमूल्य मिनिटे जातात. श्वास थांबलेला असेल तर मनुष्यास उताणा निजवून तोंडाने श्वास द्यावयाचा आणि छाती दाबावयाची, हे त्यांनी देवळांच्या ओट्यांवर करून दाखविले. त्या दिवसांत तोंडास तोंड लावणे या कल्पनेनेच माणसे दचकत. जीवरक्षकांचे उत्तर ठरलेले होते: बुडालेल्याचा प्राण वायूवाचून गेलेला असतो, तो वायू द्यावयासच हवा, घरचे मूल असेल तर घरच्याने द्यावा. हे लोकांस पटत असे. जगात पाण्यात बुडून दरसाल दोन लाखांहून अधिक माणसे मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. संयुक्त राष्ट्रांनी एप्रिल २०२१ मध्ये ठराव करून २५ जुलै हा दिवस बुडण्यापासून बचावासाठी नेमला. आमच्या सातजणांस त्याची वार्ता नव्हती.

तलाव उघडण्याची मुभा दिल्लीहून ऑक्टोबर २०२० मध्ये मिळाली, तीही केवळ खेळाडूंच्या सरावापुरता. आपल्या राज्यात ५ नोव्हेंबरपासून राज्य, राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय दर्जाच्या खेळाडूंस परवानगी मिळाली. हिरवे पाणी उपसून, तळ घासून तलाव पुन्हा भरण्यात दिवस गेले. क्लोरीनच्या पाण्यातून रोग पसरत नाही असे जाणते लोक सांगत होते. भय होते ते कपडे बदलण्याच्या खोल्यांचे आणि बाकावर खांद्यास खांदा लावून बसण्याचे. म्हणून मुलांनी घरूनच पोहण्याचे कपडे घालून यावे, एका पट्ट्यात एकानेच पोहावे, आणि शेजारच्या पट्ट्यातील मुलाने उलट्या टोकाकडून निघावे, असे नियम केले. वीस मुले पात्र होती. पहिल्या दिवशी सहा आली.

बाकीची का आली नाहीत हे आमच्या वाचकांस वेगळे सांगावयास नको. ज्या घरात आजी-आजोबा, काका-काकू आणि चार चुलत भावंडे एका छपराखाली नांदतात, तेथे एका मुलाने बाहेर जाणे म्हणजे साऱ्या घराने बाहेर जाणे. जी मंडळी दोन खोल्यांत तिघे राहतात त्यांस हा पेच कधी कळावयाचा नाही. आमच्या ओळखीच्या एका घरात चौदा माणसे. आजोबांस मधुमेह, आजींस दमा. नात चौदा वर्षांची, राज्यस्पर्धेत दुसरी आलेली. बापाने तिला घरीच ठेवावयाचे ठरविले होते, आणि त्यास दोष कोण देईल? आम्ही फोन केला तो बापास नव्हे, केवळ क्षेमकुशल विचारण्यासाठी आजोबांस. ते म्हणाले, “गुरुजी, पोरीचे वय थांबत नाही आणि माझे तर नाहीच. ती माडीवर राहील, ताट वर जाईल. आम्ही अंगणातून तिला पाहू.” सूनबाईंस हे मुळीच पसंत नव्हते, पंधरा दिवस घरात अबोला होता असे आमच्या कानी आले. त्या माउलीचेही चुकले असे आम्हांस वाटत नाही. मुलगी पाच महिने माडीवर राहिली. एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली, तलाव पुन्हा बंद झाला, तेव्हा ती खाली उतरली. घरातील सर्वजण सुखरूप होते. पुष्कळ घरांत तसे घडले नाही. आमच्या दोन पंचांनी त्या लाटेत देह ठेवला.

जून २०२१ मध्ये रोम येथील स्पर्धेत साजन प्रकाश याने दोनशे मीटर बटरफ्लाय १ मिनिट ५६.३८ सेकंदांत पोहून ऑलिम्पिकची थेट पात्रता मिळविली. असा मान मिळविणारा तो पहिला भारतीय. पाठोपाठ श्रीहरी नटराज यानेही ती गाठली. त्या दिवशी फोन इतके आले की घरातल्यांस वाटले, तलावच उघडला.

तलाव पुढे उघडला, वर्ग सुरू झाले, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये बंगळूर येथे राष्ट्रीय स्पर्धाही झाल्या. माडीवरची मुलगी तोवर पंधरा वर्षांची होऊन वरच्या गटात गेली होती. तिची निवड झाली नाही. ती अद्याप पोहते आहे, आणि उन्हाळ्यात लहान मुलांस शिकविते. सातांपैकी पाच जीवरक्षक परत आले. एकाने भाजीची गाडी टाकली ती चांगली चालली आहे, एक पुण्यास गेला. घड्याळयंत्र अजून यावयाचे आहे. शेततळ्यांवरचे दोर निम्मेअधिक जागच्या जागी आहेत. काही शेतकऱ्यांनी ते सोडून बैल बांधावयास नेले, आणि कोषाध्यक्ष प्रत्येक वार्षिक सभेत त्या दोरांचा हिशेब मागतात.