निळा दिवा किती व्होल्टला पेटतो

लाल एलईडी दीड व्होल्टच्या थोडं पुढे गेलं की मिणमिणायला लागतो. निळ्याला तेवढ्यात काहीच होत नाही, त्याला दोनच्या बरंच वर न्यावं लागतं. कुठल्याही कंपनीचा घ्या, क्रम बदलत नाही. प्रकाश सुट्या कणांनी बाहेर पडतो आणि निळ्या कणाची ऊर्जा लाल कणापेक्षा जास्त असते. ती पुरी पडल्याशिवाय कण निघत नाही, कारण अर्धा कण निसर्गात नाहीच. मॅक्स प्लँक यांनी १९०० साली ज्या कल्पनेला हात घातला, ती वर्ध्याजवळच्या नालवाडीतल्या आमच्या मागच्या खोलीत, खिडकीला चादर लावून मोजता आली.

हे मोजायचं ठरवलं ते पुतणीमुळे. ती बी.एस्सी.ला आहे आणि प्लँकचा स्थिरांक हे तिच्या प्रॅक्टिकलमधलं एक नाव. वर्ध्यातल्या टीव्ही-रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून लाल, पिवळे, हिरवे, निळे एलईडी आणले. सोबत एक हजार ओहमचा रेझिस्टर, नऊ व्होल्टची बॅटरी आणि जुन्या रेडिओत आवाज कमी-जास्त करायला असतो तसला व्हॉल्यूम कंट्रोल. मल्टिमीटर घरात होताच. यातल्या निळ्या एलईडीला हातात धरताना मला दर वेळी आदर वाटतो. लाल आणि हिरवा येऊन तीसेक वर्षं लोटली तरी उजळ निळा कुणाला जमत नव्हता. तो जमवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आज ती वस्तू चार-दोन रुपयांना मिळते.

जोडणी पाच मिनिटांची, खरं काम डोळ्यांचं. एलईडीवर काळ्या कागदाची नळी बसवायची, दिवा घालवायचा आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत नुसतं बसायचं. मग व्हॉल्यूम कंट्रोल अगदी केसभर फिरवत जायचं. नळीतून पाहणाऱ्याने "दिसला" म्हटलं की दुसऱ्याने मल्टिमीटर वाचून वहीत लिहायचं. 

"काका, हालू नका न, टेबल हालते," पुतणी नळीला डोळा लावून म्हणाली. शेजारची पोरंही येऊन बसली होती. प्रत्येकाचा डोळा वेगळा. कुणाला ठिपका आधी दिसतो, कुणाला उशिरा. म्हणून एका रंगाची सगळी रीडिंगं एकाच डोळ्याने घ्यायची असा तिने नियम केला आणि तो शेवटपर्यंत पाळायला लावला. पांढरा एलईडी तिने बाजूला काढून ठेवला. त्याच्या पोटात निळाच असतो, वरच्या पिवळ्या लेपामुळे तो पांढरा भासतो.

सरासरी काढल्यावर लालची १.६२ व्होल्ट आली, निळ्याची २.३३. पुस्तकातल्या हिशेबाने लालला जवळजवळ दोन व्होल्ट लागायला हवेत. मग कमी का? खोलीत उष्णता आहे म्हणून. तापलेल्या पदार्थातल्या काही इलेक्ट्रॉनांकडे स्वतःची थोडी ऊर्जा असते, तेवढं कमी व्होल्टेज पुरतं आणि सरावलेल्या डोळ्याला तो अंधुक ठिपकाही दिसतो. पण ही मदत लालला आणि निळ्याला जवळपास सारखीच होते, म्हणून रीडिंगं तशी न वापरता त्यांच्यातला फरक घ्यायचा: ०.७१ व्होल्ट. लाल प्रकाश सेकंदाला ४७६ लाख कोटी वेळा कंप पावतो, निळा ६३८ लाख कोटी वेळा. ०.७१ ला या दोन आकड्यांतल्या फरकाने, म्हणजे १६२ लाख कोटींनी भागलं की प्लँकचा स्थिरांक मिळतो: दशांश चिन्हापुढे चौदा शून्यं येतात आणि मग ४३८. शास्त्रज्ञांचं उत्तर त्याच जागी ४१४. आमची चूक सहा टक्क्यांच्या आसपास. चादरीच्या अंधारात केलेल्या कामासाठी हे उत्तर चांगलं आहे असं माझं मत आहे. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्यासुद्धा याच स्थिरांकावर उभी आहे.

खोलीतली जी उष्णता आमच्या रीडिंगमध्ये थोडी लुडबुड करून गेली, तीच मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मुख्य शत्रू असते. तिथे आर. विजयराघवन यांचा गट क्वांटम संगणकाचे क्युबिट बनवतो. असा क्युबिट म्हणजे अतिसंवाहक धातूची सर्किट. तिच्या ऊर्जेच्या दोन पायऱ्या शून्य आणि एक म्हणून वापरायच्या. त्या दोन पायऱ्यांमधलं अंतर आमच्या लाल कणाच्या ऊर्जेच्या साधारण लाखाव्या भागाइतकं असतं. साध्या खोलीतली उष्णता त्या अंतराच्या हजारपटींहून जास्त. अशा धक्क्यांत पायरी टिकणार कशी? म्हणून हेलियमच्या दोन प्रकारांच्या मिश्रणावर चालणाऱ्या शीतयंत्रात ही चिप निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत थंड करतात. ताऱ्यांमधली पोकळीसुद्धा याहून शेकडोपट गरम आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकणाऱ्या वर्ध्यात बसून हा आकडा मी पुन्हा पुन्हा वाचतो.

या सर्किटचं काळीज म्हणजे जोसेफसन जोड: ॲल्युमिनियमचे दोन थर आणि मध्ये त्याच्याच ऑक्साइडचा, काही अणूंच्या जाडीचा पापुद्रा. चिपवर लावलेल्या लेपात इलेक्ट्रॉनांच्या झोताने रेषा कोरतात. निर्वात कोठीत ॲल्युमिनियमची वाफ तिरकी सोडून पहिला थर बसवतात, मोजून थोडा ऑक्सिजन आत घेतात, आणि पापुद्रा धरला की दुसऱ्या बाजूने तिरकी वाफ सोडतात. ऑक्सिजन किंचित जास्त वेळ राहिला तर जोडाचे गुण बदलतात. मग चिप तांब्याच्या डबीत बसवून शीतयंत्राच्या तळाशी टांगायची. यंत्र थंड व्हायला दिवस-दोन दिवस लागतात. वरून येणाऱ्या प्रत्येक केबलमधून उष्णतेचा गोंगाट खाली उतरतो. तो प्रत्येक मजल्यावर अडवावा लागतो. एवढं करून क्युबिटची अवस्था टिकते ती सेकंदाच्या काही हजाराव्या भागाच्याही आत, आणि तेवढ्यात सगळं गणित उरकायचं.

ऑगस्ट २०२४ मध्ये याच संस्थेत सहा क्युबिटच्या प्रोसेसरची सुरुवातीपासून शेवटपर्यंत चाचणी पूर्ण झाली. चिप कुलाब्यात आखली आणि घडवली, चालवणारी इलेक्ट्रॉनिक्स पुण्यातल्या डीआरडीओच्या तरुण शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेने जुळवली, दुरून वापरण्याची सोय टीसीएसने केली. त्याच वर्षी डिसेंबरात गुगलने १०५ क्युबिटची विलो चिप दाखवली. क्युबिट वाढवत नेले तरी चुका कमी होत जातात, हे तिने सिद्ध केलं. सहा आणि एकशे पाच हे अंतर मोठं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. पण पापुद्रा धरण्यापासून मोजणीपर्यंतचं काम येणारी माणसं आपल्याकडे तयार झाली, आणि मला हे सहा या आकड्याहून मोठं वाटतं.

अशी माणसं एकमेकांच्या हाताखालीच तयार होतात. २०२५ चं भौतिकशास्त्राचं नोबेल जॉन क्लार्क, मिशेल देव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांना मिळालं, ते १९८४-८५ साली बर्कलीत केलेल्या प्रयोगांसाठी. हातात धरता येईल एवढी सर्किटसुद्धा ऊर्जेच्या पायऱ्यांनीच चालते हे त्यांनी दाखवलं. क्लार्क तेव्हा प्राध्यापक, देव्होरे डॉक्टरेट करून आलेले, मार्टिनिस विद्यार्थी. पुढे येल विद्यापीठात याच देव्होरे यांच्या मार्गदर्शनाखाली विजयराघवन यांनी पीएच.डी. केली, आणि २०१२ साली ते कुलाब्यात आले. पवईला आयआयटी मुंबईत कस्तुरी साहा यांचा गट हिऱ्यातल्या सूक्ष्म दोषांनी चुंबकीय क्षेत्र मोजतो. पुण्याच्या आयसरमध्ये उमाकांत रापोल यांच्याकडे लेझरने अणू थंड करतात. या प्रत्येक ठिकाणी संशोधक विद्यार्थ्यांची वर्षंच्या वर्षं केबल, निर्वात पंप आणि आरसे सरळ करण्यात जातात. त्यांचे फोटो वर्तमानपत्रात येत नाहीत, ते यायला हवेत.

एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय क्वांटम मिशनला ६००३.६५ कोटी रुपये मंजूर केले. आठ वर्षांत पन्नास ते हजार क्युबिटचे संगणक हे त्याचं एक उद्दिष्ट. एवढे हात फक्त मुंबई-पुण्यातून येणार नाहीत, ते नालवाडीसारख्या गावांतूनही यायला हवेत. १९३२ च्या अखेरीस विनोबा नालवाडीत राहायला आले ते निव्वळ कताईच्या मजुरीवर जगता येतं का हे स्वतः करून पाहायला. हाताने करून हिशेब लिहिणं या गावाला परकं नाही.

प्लँकच्या स्थिरांकातल्या ४१४ या आकड्यामुळेच १४ एप्रिल (महिना आधी लिहिला की ४/१४) हा जागतिक क्वांटम दिन ठरला आहे. आपल्याकडे त्या दिवशी बाबासाहेबांची जयंती असते आणि ठिकठिकाणी सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम होतात. वर्ध्यातल्या, नालवाडीतल्या शिक्षकांना, वाचनालयांना आणि विहारांना माझी विनंती आहे की त्या अठरा तासांतला एक तास या प्रयोगाला द्या. सामान शंभर-दोनशे रुपयांत येतं, मल्टिमीटर कुणाकडून तरी मागून घ्या, आणि रीडिंगं पोरांनाच घेऊ द्या.