ग्लोव्हजच्या आतली बोटं

परभणीतल्या एखाद्या मैदानावर सुट्टीच्या सकाळी सामना रंगला, की एक गडी डाव संपेपर्यंत उठाबशा काढत असतो. षटकाला सहा, वीस षटकांच्या डावात किमान एकशेवीस. मराठवाड्याची काळी माती उन्हात भेगाळते, म्हणून तिच्यावर मॅटिंग अंथरायचं. मॅटिंगवर पडलेला चेंडू ताडकन उसळतो. कीपर त्याच्या आधी उठत नाही, त्याच्याबरोबर उठतो. बोटं जमिनीकडे, तळवे समोर. बोटांची टोकं चेंडूकडे वळली, की नख काळंनिळं झालंच म्हणून समजा.

सुटलेला चेंडू स्कोअररच्या वहीत ‘बाय’ म्हणून चढतो. नीट अडवलेल्याला रकानाच नाही. एक ठिपका पडतो, तोही बोलरच्या नावापुढे.

माधव मंत्री यांनी हेच काम केलं, पोट भरायला नव्हे. १९२१ साली नाशिकला जन्म, पुढे दादर युनियन हा क्लब आणि मुंबईचा संघ. त्या काळी मुंबईकर खेळाडूचं घर चालायचं ते बँकेच्या किंवा कंपनीच्या पगारावर. क्रिकेट शनिवार-रविवारचं आणि रजेचं.

इंग्लंडमध्ये हौशी आणि व्यावसायिक हा भेद १९६२च्या मोसमापर्यंत कागदोपत्रीही होता. हौशी खेळाडूची आद्याक्षरं आडनावाच्या आधी, व्यावसायिकाची नंतर. फ्रेड टिटमस पदार्पणाच्या सुमारास खेळायला उतरला, तेव्हा छापील स्कोअरकार्डातली त्याची आद्याक्षरं चुकीच्या जागी पडली आहेत, अशी दुरुस्ती लॉर्ड्सवर लाउडस्पीकरवरून जाहीर झाली होती! आपल्याकडे आद्याक्षरांची ही भानगड नव्हती. सगळेच सोमवारी कामावर.

मुंबईतल्या कीपरचा खरा कस लागतो कांगा लीगमध्ये. १९४८ साली सुरू झालेली ही स्पर्धा भर पावसाळ्यात खेळतात. ओल्या खेळपट्टीवर एक चेंडू टप्पा पडून थांबतो, पुढचा नाकावर येतो. ग्लोव्हज पाणी पिऊन जड होतात. स्पिनरला कीपर यष्ट्यांना खेटून बसतो. फलंदाज मध्ये आल्यामुळे लेगला जाणारा चेंडू क्षणभर दिसतच नाही, तो अंदाजानं धरायचा आणि त्याच झोकात बेल्स उडवायच्या. अशा मैदानांवर दादर युनियनची शिस्त घडली, आणि त्या शिस्तीशी मंत्रींचं नाव कायमचं जोडलं गेलं.

कीपर असूनही ते फलंदाजीला वरच्या क्रमांकावर येत. १९४८-४९च्या रणजी उपांत्य सामन्यात, पुण्यात, महाराष्ट्राविरुद्ध त्यांनी २०० धावा काढल्या. त्या सामन्यात दोन्ही संघांच्या मिळून २,३७६ धावा झाल्या. त्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईनं तीनदा रणजी करंडक उचलला.

कसोट्या मात्र चारच. १९५२ साली लीड्सला दुसऱ्या डावात भारताची अवस्था शून्यावर चार बाद झाली. पदार्पण करणाऱ्या फ्रेड ट्रुमननं त्यातले तिघे टिपले. तिसऱ्या क्रमांकावर आलेले मंत्री त्या तिघांतले एक, त्रिफळाचीत.

घरी त्यांचे भारताचे स्वेटर जपून ठेवलेले असत. लहानगा भाचा एक मागायला गेला. मंत्रींनी, म्हणजे त्याच्या नानामामांनी, साफ नकार दिला: घाम गाळ आणि स्वतः मिळव.

भाच्यानं तो मिळवला १९७१ साली, पोर्ट ऑफ स्पेनला. त्याचं नाव सुनील गावस्कर.