चाळीस मिनिटांचा हंगाम

उन्हाच्या कारणाने विदर्भातील शाळांचे वर्ष उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून, जून महिना सरत आला असता सुरू होते. आणि राळेगाव तालुक्याच्या शिवारात ज्या सुमारास कपाशीची पहिली डवरणी चाललेली असते, त्याच सुमारास तालुक्यातील बहुतेक माध्यमिक शाळांच्या पटांगणात शारीरिक शिक्षणाचे शिक्षक फक्कीने तेरा मीटर लांब व दहा मीटर रुंद असा एक आयत आखून घेताना दिसतात. हा आयत फार काळ टिकत नाही. पाऊस तो वरचेवर पुसून टाकतो, काळी माती ओली असता पायांना सोडीत नाही व वाळली म्हणजे भेगाळते, म्हणून तिच्यावर मुरूम पसरावा तर तो गुडघे व कोपरे सोलून काढतो. तथापि या तिन्ही आपत्तींतून वाट काढीत जुलै-ऑगस्टच्या संध्याकाळी मुले तेथे अनवाणी खेळत असतात, आणि शालेय कबड्डी नावाच्या संस्थेचा, कारण इतक्या नियमबद्ध, इतक्या दप्तरबद्ध आणि इतक्या दूरवर पसरलेल्या व्यवहाराला संस्था म्हणणेच योग्य, नवा हंगाम सुरू होतो.

इंग्लंडातील खाजगी शाळांच्या रग्बीविषयी ज्यांनी वाचले असेल त्यांना या दोन खेळांचे सोयरसंबंध चटकन जाणवतील. दोहोंत अंगाला अंग भिडते. दोहोंत एकटा गडी प्रतिपक्षाच्या मुलुखात शिरतो आणि त्याला धरून जमिनीवर आणणे हेच प्रतिपक्षाचे कर्तव्य असते. भेद एवढाच की रग्बीचा गडी चेंडू घेऊन धावतो व आपला गडी केवळ दम घेऊन जातो. १८२३ साली विल्यम वेब एलिस नावाच्या विद्यार्थ्याने रग्बी येथील शाळेत चेंडू हातात घेऊन धाव ठोकली, ही कथा इतिहासकार दंतकथेतच जमा करतात, परंतु त्या शाळेतील मुलांनी १८४५ साली आपल्या खेळाचे नियम लिहून काढले ही गोष्ट दंतकथा नव्हे. पुढे हा खेळ साहेबाबरोबर हिंदुस्थानात आला. कलकत्त्याच्या फुटबॉल क्लबाने आपला कारभार बरखास्त करताना पेढीतील शिल्लक चांदीच्या रुपयांत काढून, ते रुपये वितळवून, नागाच्या तीन मुठी आणि झाकणावर हत्ती असलेला एक चषक घडविला व तो इंग्लंडच्या रग्बी संघटनेच्या स्वाधीन केला. त्या चषकासाठी १८७९ पासून इंग्लंड व स्कॉटलंड हे देश झुंजत आले आहेत. क्लब बुडण्याच्या कारणांत फुकट मद्याची सोय बंद झाल्याने सभासद गळाले हेही एक सांगितले जाते, व क्रीडासंस्थांचा थोडाबहुत अनुभव असलेल्या माणसाला ते मुळीच अविश्वसनीय वाटत नाही. मुंबईत बॉम्बे जिमखान्याने हा खेळ जिवंत ठेवला, शासनाच्या शालेय क्रीडाप्रकारांच्या यादीत आता त्याचाही समावेश आहे. पण राळेगावच्या मुलाला अंगाला अंग भिडवण्याची हौस भागवावयाची असेल तर त्याचा रस्ता अद्याप कबड्डीच्याच मैदानावरून जातो.

खाजगी शाळा हा शब्दही इकडे निराळ्या अर्थाने घ्यावा लागतो. तालुक्यातील बऱ्याच माध्यमिक शाळा खाजगी शिक्षणसंस्थांच्या आहेत, परंतु त्या अनुदानित असल्यामुळे शिक्षकांचा पगार सरकारी खजिन्यातून येतो, आणि विद्यार्थी श्रीमंतांची नव्हे, तर कास्तकारांची व शेतमजुरांची मुले असतात. तथापि या शाळांमधील स्पर्धा लटकी आहे असे कोणी समजू नये. वर्षाच्या पटावरून संचमान्यता ठरते, संचमान्यतेवरून शिक्षकांची पदे ठरतात, आणि पट घसरला तर कोणी ना कोणी अतिरिक्त ठरून अन्यत्र रवाना होतो. म्हणून ऐन मे महिन्याच्या उन्हात शिक्षक मंडळी गावोगाव, दारोदार फिरून मुलांच्या नावांची जुळवाजुळव करीत असतात. अशा वेळी गतवर्षी तालुक्यात अव्वल आलेला कबड्डीचा संघ हे शाळेचे एक बिनखर्ची प्रशस्तिपत्र असते. रग्बीच्या शाळांची चुरस प्रतिष्ठेसाठी असते असे म्हणतात. येथे तिच्या तळाशी एका शिक्षकाची नोकरी असू शकते, आणि त्यामुळे मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या गणिताच्या शिक्षकाचा घसा का बसतो याचा उलगडा होतो.

कबड्डीच्या नियमांना वळण लागले ते याच महाराष्ट्रात व त्याच्या शेजारी. संजीवनी, गामिनी व अमर अशा निरनिराळ्या पद्धतींनी खेळल्या जाणाऱ्या हुतूतूला एकरूप देण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाले. १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियम प्रसिद्ध केले, १९३८ साली कलकत्त्याच्या क्रीडामहोत्सवात खेळाला स्थान मिळाले, १९५० साली अखिल भारतीय महासंघ झाला, आणि १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत त्याला पदकाचा मान लाभला. या प्रदीर्घ खटपटीत शंकरराव उर्फ बुवा साळवी यांचा वाटा एवढा मोठा की त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. परंतु वऱ्हाडच्या माणसाला अधिक जवळचे नाव अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे. वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापिलेल्या या आखाड्याचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी जर्मनीत गेले आणि तेथे त्याने हुतूतूसह भारतीय खेळांची व व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविली. पश्चिम विदर्भातील शाळांमधून शिट्टी गळ्यात अडकवून फिरणाऱ्या शिक्षकांपैकी कित्येकांचे शिक्षण त्याच मंडळाच्या महाविद्यालयात झालेले असते. यामुळे राळेगावच्या मुरमावर जी पकड शिकवली जाते तिची वंशावळ बर्लिनपर्यंत नेता येते, मात्र शिकणाऱ्याला व बहुधा शिकविणाऱ्यालाही याची वार्ता नसते.

पावसाळ्याच्या उत्तरार्धात तालुका क्रीडा स्पर्धांचे पत्रक निघते आणि चौदा, सतरा व एकोणीस वर्षांखालील अशा तीन गटांच्या प्रवेशिका, जन्मतारखेचे दाखले, मुख्याध्यापकाच्या सहीशिक्क्याची ओळखपत्रे यांची धांदल उडते. सामन्याचा दिवस उजाडतो तो एसटीच्या वेळापत्रकावर. वडकीकडची, झाडगावकडची, वर्धा नदीच्या काठाकडची मुले कोणी पहिल्या गाडीने, कोणी भाड्याच्या काळीपिवळीत एकमेकांच्या मांडीवर बसून येतात. बरोबर फडक्यात बांधलेली भाजीभाकर असते, आणि एकाच रंगाच्या बनियनांवर पाठीमागे हाताने रंगविलेले आकडे असतात. मग दाखल्यांची तपासणी होते. हा विधी वाटतो तितका निरुपद्रवी नाही, कारण प्रतिपक्षाचा मिसरूड फुटलेला गडी सतरा वर्षांखालील कसा, हा प्रश्न दर वर्षी कोणीतरी उपस्थित करतो आणि त्याचे उत्तर दर वर्षी कागदच देतो.

नंतर चिठ्ठ्या पडतात, आणि माझ्या मते या साऱ्या व्यवहाराचे दैव त्या चिठ्ठ्यांत नव्हे, तर त्या ज्या पद्धतीसाठी पडतात तिच्यात आहे. सामने बाद पद्धतीचे असतात. सोळा संघ आले असतील तर पंधरा सामन्यांत निकाल लागतो, ही पद्धत एका मैदानाच्या, थोड्या पंचांच्या व कमी होत चाललेल्या उजेडाच्या दृष्टीने अतिशय सोयीची आहे यात संशय नाही. पण त्याच पंधरा सामन्यांचा अर्थ असा की सोळांपैकी आठ संघांचा हंगाम पहिल्याच फेरीत समाप्त होतो. जुलैपासून ज्यांनी चिखल तुडविला, बोनस रेषेवर पाय टेकवून मागे फिरण्याचा शेकडो वेळा सराव केला, घोटा धरणाऱ्याच्या मदतीला दुसऱ्याने किती क्षणांत धावावे याचा मेळ घातला, त्या मुलांच्या वाट्याला वयोगटाप्रमाणे तीस किंवा चाळीस मिनिटे येतात. त्यात सुरुवातीच्या बावरलेपणात एक लोण चढले, म्हणजे सातही गडी बाद होऊन प्रतिपक्षाला दोन गुण वर मिळाले, की पुढचा काळ ते फेडण्यातच जातो.

आणि तरीही ती चाळीस मिनिटे पाहण्यासारखी असतात. चढाईचा गडी मध्यरेषेला हात लावून, तो कपाळाला नेऊन, आत शिरतो. निदान रेषा ओलांडल्याखेरीज परतलो तर चढाई फुकट जाईल हे त्याला ठाऊक असते, आणि ती ओलांडताच दोन्ही कोपरे मिटू लागतील हेही ठाऊक असते. तीस सेकंदांत त्याला दोन्ही भयांचा हिशेब करावा लागतो. शिकवलेला बचाव उतावीळपणे झेप घेत नाही. सात जण हातात हात गुंफून मागे सरतात, गड्याला खोल येऊ देतात, आणि त्याचे वजन चुकीच्या पायावर गेलेले दिसताच कोपऱ्यातला मुलगा घोट्याला बिलगतो. कडेला “सोडू नको बे!” असा गजर उठतो. गडी मध्यरेषेकडे बोटे ताणतो, वर चार जण पडलेले असतात, आणि बोट रेषेला लागले की नाही हे पंचाने पाहावयाचे असते. हा पंच बहुधा कुठल्यातरी तिसऱ्या शाळेचा क्रीडाशिक्षक, क्वचित दुसऱ्या फेरीत याच विजेत्याशी ज्याच्या संघाची गाठ पडावयाची आहे असाही. तेव्हा हुज्जत होते, हरकतीचा अर्ज लिहिला जातो, तो लिहिण्यासाठी मराठीच्या शिक्षकांना पाचारण होते. एकूण निवाडे न्याय्य असतात असे माझे निरीक्षण आहे. परंतु ज्याच्या हातून एकच निवाडा चुकला तरी मुलाचे वर्ष संपते, त्या पंचावर ही पद्धत अन्याय करते.

या स्पर्धेत आश्रमशाळांचा संघ उतरला म्हणजे जाणकार लोक जागचे उठून जवळ येतात. हा भाग पांढरकवड्याच्या आदिवासी विकास प्रकल्पाच्या कक्षेतला. त्या विभागाच्या निवासी शाळांतील गोंड, कोलाम, परधान मुले एकत्र राहतात, एकत्र जेवतात, व पहाटे आणि संध्याकाळी एकत्र खेळतात. इतर शाळांचा गडी साडेपाचाच्या गाडीने गावी परततो किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत शेतात जातो. आश्रमशाळेचा गडी मैदानाच्या शेजारीच निजतो. इंग्लंडातील ज्या शाळांनी रग्बी वाढवली त्यांचे सामर्थ्यही वसतिगृहातच होते, मूळचे सामने तर शाळेतल्या एका निवासाने उरलेल्या शाळेविरुद्ध खेळावे असे असत. म्हणून त्या परंपरेचा खरा वारस आपल्याकडे शोधावयाचा तर तो महागड्या शुल्काच्या नामांकित विद्यालयात नव्हे, तर पत्र्याच्या छपराखालच्या आश्रमशाळेत सापडेल, असे मी जबाबदारीने म्हणतो. तेथील मुलांना हवे आहे ते सहानुभूतीचे भाषण नव्हे, चांगला मार्गदर्शक.

तालुका जिंकणारा संघ यवतमाळला जातो, तेथून अमरावती विभागाच्या स्पर्धांना, म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम व यवतमाळ या पाच जिल्ह्यांच्या लढतीला, आणि तेथून राज्याला, जेथे आठ विभाग एकमेकांशी भिडतात. वरच्या पायऱ्यांवर बहुधा मॅट अंथरलेली असते. मातीवर अनवाणी वाढलेल्या मुलाला तेथे बूट घालून, पाय घसरत नाही अशा पृष्ठावर, निराळ्या तोलाने खेळावे लागते आणि पहिला अर्धा सामना तो पायच शोधीत असतो. वर पोहोचणाऱ्यांसाठी परीक्षेत सवलतीचे क्रीडागुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. पालकांचे मन वळविण्यास शिक्षकांना याचा पुष्कळ उपयोग होतो.

आता त्या बाद पद्धतीविषयी. इंग्रजी शाळांच्या रग्बीत मला हेवा वाटतो तो हिरवळीचा नाही व पोशाखाचाही नाही. हेवा वाटतो तो ठरलेल्या सामन्यांचा. अमुक शनिवारी अमुक शाळेशी सामना हे वर्षानुवर्षे ठरलेले असते, हरणारा दुसऱ्या शनिवारी पुन्हा खेळतो, आणि पुढील वर्षी तोच प्रतिस्पर्धी त्याच्या अंगणात येतो. वैराला स्नेहाचे रूप येण्यास अशी पुनर्भेट लागते. मुंबईची शालेय क्रिकेटची हॅरिस शील्ड स्पर्धा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालली आहे. तिच्या १९८८ च्या उपांत्य सामन्यात शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी यांनी सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अखंड भागी केली, सचिनच्या ३२६ व विनोदच्या ३४९. गुणवत्ता त्यांची होतीच. पण ती प्रकट होण्यास शाळेच्या सामन्याने त्यांना दिवसच्या दिवस फलंदाजी करू दिली, हेही विसरता कामा नये. राळेगावच्या गुणवंताला आपण दिवस नव्हे, मिनिटे देतो.

तालुक्यातील आठ शाळांनी आपसांत साखळी सामने ठरविले तर एकूण अठ्ठावीस सामने होतील व प्रत्येक मुलाला सात वेळा मैदानात उतरता येईल. त्यासाठी मॅट नको, मंडप नको, उद्घाटक नको. दर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर एका संघाने दुसऱ्याच्या पटांगणात जावे, एसटीचे अर्धे भाडे संस्थेने सोसावे व यजमान शाळेने पाहुण्यांना चहा-पोहे द्यावेत, एवढीच तजवीज पुरे. शासकीय स्पर्धा तिच्या शिरस्त्याने खुशाल होवो. ही साखळी तिची पूर्वतयारी ठरेल. संस्थाचालकांनी व मुख्याध्यापकांनी येत्या जुलैत एकदा राळेगावी एकत्र बसून सात शनिवारांचे पत्रक तेवढे काढावे, अशी त्यांस विनंती आहे.