बसवून देण्याची मजुरी

नव्या मोटारीच्या हिशेबात सर्वांत मोठी कुरबूर बहुतेक वेळा सर्वांत लहान रकमेवरून होते. एक्स-शोरूम किंमत, रस्ता कर, विमा, फास्टॅग हे आकडे ग्राहक फारशी खळखळ न करता मान्य करतो. पायाखालच्या मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, दारांवरचे व्हायझर यांच्या किमतींखाली ‘फिटिंग’ किंवा ‘लेबर’ अशी आणखी एक ओळ दिसली की मात्र त्याचा हात थांबतो. गाडी इथूनच घेतली, वस्तूही इथूनच घेतली, मग ती बसवण्याचे पैसे कसले, असा त्याचा सवाल असतो. वितरकाचे उत्तर ठरलेले असते: वस्तूची किंमत वेगळी आणि माणसाच्या वेळेची वेगळी. दोघांचेही म्हणणे काही कामांपुरते खरे आहे. ती कामे कोणती, हे पाहिल्याशिवाय हा वाद सुटत नाही.

नेवासा तालुक्यात या वादाला अंतराचीही एक बाजू आहे. अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर महामार्गावर हा तालुका दोन्ही शहरांच्या साधारण मध्ये पडतो. मोटारींची मोठी शोरूम बहुतेक याच दोन शहरांत आहेत, म्हणजे कुठल्याही दिशेला पन्नास-साठ किलोमीटर. खरेदी होते ती गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, दिवाळीचा पाडवा अशा मुहूर्तांवर. त्या दिवशी शोरूममध्ये डिलिव्हरीची रांग असते आणि घरी मंडळी पूजेचे ताट घेऊन वाट पाहत असतात. एखादी वस्तू बसवायची राहिली तर पुन्हा जाऊन-येऊन शंभर-सव्वाशे किलोमीटरची फेरी आणि एक दिवस मोडतो. त्यामुळे ‘फिटिंगचे वेगळे होतील’ हे वाक्य किल्ली हातात पडण्याच्या तासाभर आधी कानावर आले, तर नेवाशाचा ग्राहक भांडत बसत नाही, पैसे देऊन मोकळा होतो. शहरातला माणूस उद्या येतो म्हणून उठून जाऊ शकतो. याला ती सोय नसते.

या वस्तू चैनीच्या म्हणून सोडून द्याव्यात तर तेही जमत नाही. काळी माती, कालव्याकाठचे चिखलाचे रस्ते आणि गळितात ऊसवाहतुकीने भरलेला महामार्ग, अशा भागात मडफ्लॅप आणि तळाचे गंजरोधक कोटिंग कामाचेच ठरते. घरांना दारे नसल्याबद्दल प्रसिद्ध असलेले शनिशिंगणापूर याच तालुक्यात आहे, तरी गिअर लॉकही खपतोच.

‘साधी फिटिंग’ या दोन शब्दांखाली फार निरनिराळी कामे मोडतात. रबरी मॅट टाकणे, मोबाइल होल्डर चिकटवणे, डिकीत ट्रे ठेवणे, स्टिअरिंगला कव्हर चढवणे ही कामे गिऱ्हाईक स्वतः करू शकते. यांना ना हत्यार लागते ना कसब. मडफ्लॅपला स्क्रूड्रायव्हर लागतो आणि पुढची चाके वळवून जागा करून घ्यावी लागते. एकदा दाखवले की तेही कोणाला जमेल. दारावरचा व्हायझर दिसायला सोपा, पण पृष्ठभाग नीट पुसला नाही किंवा टेप वाकडी बसली तर पहिल्याच पावसात तो उचकटतो. सीट कव्हरचे काम पूर्वी फक्त चिकाटीचे होते. आता अनेक गाड्यांत एअरबॅग सीटच्या कडेतून उघडते. कव्हरची शिवण चुकीच्या जागी आली किंवा कव्हर त्या मॉडेलचे नसले तर अपघाताच्या क्षणी तीच एअरबॅग अडते. म्हणजे तासा-दीड तासाचे हे काम ‘साधे’ म्हणणे धोक्याचे आहे.

वायरिंगची कामे तर वेगळ्याच वर्गातली. फॉग लॅम्पला रिले आणि फ्यूज असलेली वायरिंग लागते. रिव्हर्स कॅमेऱ्यासाठी मागच्या दारातून केबल ओढावी लागते, कधी बंपर उतरवावा लागतो. म्युझिक सिस्टिम कंपनीच्या कपलरवर बसली तर प्रश्न नाही. पण कपलर जुळत नाही म्हणून मूळ वायर कापून जोड दिला की पुढे शॉर्टसर्किटची भीती आणि वॉरंटीचा तंटा दोन्ही सुरू होतात. इथे मजुरी मागण्यात गैर काहीच नाही. उलट या कामाचे पैसे न घेणाऱ्याबद्दल थोडी शंका घ्यावी.

मजुरी आकारायची ठरली की ती मोजायची कशी हा पुढचा प्रश्न. अधिकृत वर्कशॉपमध्ये प्रत्येक कामाला ठरावीक वेळ लावलेला असतो आणि तासाच्या दराने त्याचा हिशेब होतो. समजा तासाचा दर ६०० रुपये आहे. दीड तासाच्या सीट कव्हरचे ९०० रुपये झाले, वर १८ टक्के जीएसटी धरून १,०६२. हे महाग वाटले तरी समजते. मॅट टाकायला दोन मिनिटे लागतात; त्याच दराने २० रुपये होतील. पण २० रुपयांचे बिल कोणी करत नाही. किमान पाव तासाची आकारणी होते आणि तिथे १५० रुपये अधिक कर लागतो. ग्राहकाला चीड येते ती नेमकी इथे, आणि ती रास्त आहे. जे काम वस्तू हातात देताना सहज उरकते, त्याची मजुरी विक्रीच्या नफ्यातच आलेली असते.

तरीही वितरक ही ओळ का लावतो, याचे कारण गाडीच्या विक्रीत आहे. नव्या मोटारीवर वितरकाला सुटणारा नफा किमतीच्या मोजक्या टक्क्यांचा असतो. जागेचे भाडे, गाड्यांच्या साठ्यावरचे व्याज, पगार हे सगळे त्यातून भागवणे अवघड जाते. कमाई होते ती विमा, कर्ज, सर्व्हिसिंग आणि अ‍ॅक्सेसरीज यांवर. शिवाय गाडीच्या किमतीत किती सूट द्यायची, हेही सगळे वितरकाच्या हातात नसते. याचे गाजलेले उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. मुंबई वगळता उर्वरित महाराष्ट्र आणि गोवा या विभागातल्या एका मारुती वितरकाच्या नावाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे निनावी ई-मेल गेला. ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त सूट दिली तर कंपनी वितरकाला दंड करते, अशी ती तक्रार होती. चौकशीत आयोगाला आढळले की सूट आणि फुकटच्या वस्तू दोन्हींवर कंपनीची मर्यादा होती. ती पाळली जाते का, हे पाहायला खोटे ग्राहक बनवून माणसे शोरूममध्ये पाठवली जात. २३ ऑगस्ट २०२१ रोजी आयोगाने मारुती सुझुकीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपनीने त्याविरुद्ध अपील केले.

या प्रकरणाचा मजुरीशी संबंध असा, की किमतीत घासाघीस करायला जागा उरली नाही की ती अ‍ॅक्सेसरीजकडे सरकते. मॅट फुकट, बॉडी कव्हर फुकट, फिटिंग माफ, ही आपल्याकडची नेहमीची तोडजोड. जो चार शोरूम फिरतो त्याला मजुरी माफ होते, जो विचारत नाही त्याच्या बिलात ती राहते. एकाच दिवशी, एकाच मॉडेलला, दोघांना दोन हिशेब. मजुरी घेण्यापेक्षा हा दुजाभाव जास्त खटकण्यासारखा आहे, आणि त्यावर इलाज म्हणजे भिंतीवर लावलेला दरफलक. साडी घेतल्यावर फॉल-पिकोचे पैसे वेगळे पडतात, त्यावर कोणी तक्रार करत नाही. दर आधी ठाऊक असतो आणि ते काम दुसरीकडून करून घ्यायची मुभाही असते. शोरूममध्ये अनेकदा या दोन्हींचा अभाव असतो.

बसवण्याचे काम किमतीतच धरायचे, असे सरकारने एका वस्तूबाबत ठरवून दाखवले आहे. ती म्हणजे उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, सर्वांच्या तोंडी असलेली एचएसआरपी. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना ही पाटी वाहन उत्पादकाने पुरवायची आणि वितरकाने बसवून द्यायची, असा नियम आहे. त्याआधीच्या गाड्यांसाठी महाराष्ट्रात दर ठरले ते असे: दुचाकी आणि ट्रॅक्टरला ४५० रुपये, तीनचाकीला ५०० आणि मोटारीसह इतर वाहनांना ७४५, वर जीएसटी. करासह ट्रॅक्टरचे ५३१ आणि मोटारीचे ८७९ रुपये १० पैसे होतात. यात पाटी, तिचे न उघडणारे स्नॅप लॉक आणि बसवण्याचे काम सगळे आले. केंद्रावर वेगळी मजुरी मागता येत नाही. घरी येऊन बसवून हवी असेल तरच जादा आकार. दर एकच, सर्वांना आधी माहीत, आणि जादा सेवेला जादा पैसे. खासगी अ‍ॅक्सेसरीजना हीच पद्धत लावायला कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.

वस्तूच्या पाकिटावरची एमआरपी ही वस्तूची सर्व करांसह कमाल किंमत असते. त्यात बसवणे येतेच असे नाही, त्यामुळे फिटिंगची स्वतंत्र, खरीखुरी मजुरी म्हणजे एमआरपीचा भंग नव्हे. मात्र १,२०० रुपये छापलेली वस्तू ‘फिटिंगसकट १,५००’ म्हणून एका ओळीत विकली, तर ३०० रुपये कशाचे हे वितरकाला सांगता आले पाहिजे. करामुळेही या दोन ओळी वेगळ्या ठेवल्या जात. गाड्यांच्या बऱ्याच सुट्या भागांवर पूर्वी २८ टक्के जीएसटी होता आणि मजुरीवर १८ टक्के. सर्व्हिसिंगच्या बिलात भाग आणि मजुरी वेगळी दाखवली तर दोन्हींना आपापला दर लागतो, असे केंद्राच्या जून २०१८ च्या परिपत्रकाने स्पष्ट केले होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुटे भागही १८ टक्क्यांत आले. आता रक्कम मजुरीत ढकलून कर वाचत नाही, म्हणजे ओळ वेगळी ठेवण्याचे ते एक कारण तरी संपले.

ग्राहक वस्तू बाहेरून घेऊन आला तर चित्र पालटते. अनेकजण सीट कव्हर किंवा कॅमेरा ऑनलाइन मागवतात आणि शोरूमला फक्त बसवून द्या म्हणतात. इथे वितरकाला वस्तूवर काहीच सुटलेले नसते, त्यामुळे काम कितीही किरकोळ असले तरी त्याने मजुरी मागितली तर ती न्याय्यच आहे. तो काम नाकारूही शकतो, कारण परक्या वस्तूचा दोष त्याच्या माथी येऊ शकतो.

उलट दिशेने, शोरूमची मजुरी टाळून गावातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून काम करून घेतले तर वॉरंटी जाते का, हा नेवाशासारख्या ठिकाणी रोजचा प्रश्न आहे. ‘बाहेर हात लावला तर वॉरंटी गेली’ असे सरसकट सांगितले जाते. सुट्या भागांच्या प्रकरणात स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला, तेव्हा याच सरसकटपणावर बोट ठेवले होते. बाहेरच्या सदोष कामामुळे जे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारावी, अशी त्या आदेशाची दिशा होती. तो आदेशही पुढे अपिलांत गेला. व्यवहारात मडफ्लॅप किंवा मॅट बाहेरून बसवल्याने इंजिनाची वॉरंटी जाण्याचे कारण नाही. वायर कापली असेल तर विजेच्या दोषाबाबत कंपनी हात वर करणार, हे धरून चालावे. शोरूमच्या महाग मजुरीत खरे विकत मिळते ते हेच, काम बिघडले तर दाद मागायची जागा. पण त्यासाठी पक्के बिल हवे आणि त्यावर वस्तूसोबत फिटिंगची नोंद हवी. विम्यालाही हेच बिल लागते. कारखान्यातून न आलेली इलेक्ट्रिकल वस्तू पॉलिसीत नोंदवून जादा हप्ता भरला तरच तिची भरपाई मिळते.

काही वस्तूंची मजुरी किती हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण त्या बसवणेच नियमबाह्य आहे. मोटारीच्या पुढचे लोखंडी बंपर गार्ड केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये बेकायदा ठरवले. काचांवरच्या काळ्या फिल्मविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाचा २७ एप्रिल २०१२ चा निकाल आहे. सीट बेल्टचा इशारा बंद पाडणाऱ्या क्लिपांची विक्री थांबवण्याचे आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना दिले. तरीही रस्त्याकडेच्या दुकानांत या तिन्ही गोष्टी मिळतात.

ट्रॅक्टरच्या व्यवहारात, जो या ऊसपट्ट्यात मोटारीइतकाच मोठा आहे, हा वाद फारसा ऐकू येत नाही. टॉपलिंक, हूक, बंपर, ड्रॉबार, छत यांपैकी काय मिळणार हे सौद्यातच ठरते आणि ते बसवून ट्रॅक्टर शेतकऱ्याच्या दारात येतो. शेतकरी वस्तूंची यादी आधी मांडतो, भाव मागून बोलतो. मोटार घेताना तोच माणूस कोटेशनवर सही करून मोकळा होतो.

कोटेशन हाच या सगळ्यातला कळीचा कागद. त्यावर अ‍ॅक्सेसरीज, त्यांची फिटिंग आणि दोन्हींचे दर बुकिंगच्या वेळी लिहिलेले असतील तर पुढे वाढवलेली मजुरी नाकारता येते. अ‍ॅक्सेसरी किट घेतल्याशिवाय गाडी मिळणार नाही, अशी अट घालणे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातल्या प्रतिबंधक व्यापारी प्रथेच्या व्याख्येत मोडते, आणि बिल न देणे अनुचित व्यापारी प्रथेत. पहिली तक्रार कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाकडे, मग १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर करता येते. त्यातून निभावले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. या कायद्याने तक्रारदाराला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात दाद मागण्याचा हक्क दिला आहे. गाडी छत्रपती संभाजीनगरच्या किंवा पुण्याच्या शोरूममधून घेतलेली असली तरी नेवाशाच्या ग्राहकाला तक्रार अहिल्यानगरलाच दाखल करता येते.