घर थंड ठेवण्याचा खर्च कोणीं सोसावा?

मे महिन्यांत दुपारीं दोन वाजतां गोंदिया जिल्ह्यांतील एखाद्या खेड्यांतून चालत गेलें असतां दोन प्रकारचीं घरें दृष्टीस पडतात. एक मातीच्या जाड भिंतींचें व कवेलूंचें. दुसरें विटांचें व सिमेंटच्या स्लॅबाचें. पहिल्याचा मालक दुसऱ्याची इच्छा करीत असतो, आणि दुसऱ्याचा मालक बहुधा पहिल्याच्या पडवींत येऊन बसलेला असतो. हें आम्ही थट्टेनें लिहीत नाहीं. दहा वर्षांपूर्वीं आम्हींही वडिलांचें कवेलूंचें घर पाडून त्या जागीं स्लॅब घातला, आणि पहिल्याच उन्हाळ्यांत रात्रीं अकरा वाजतां अंथरूण घेऊन अंगणांत आलों.

जुन्या घराची स्तुति करणारे लोक बहुधा त्या घरांत राहत नाहींत. माकडांनीं फोडलेले कवेलू दरवर्षीं मृगापूर्वीं फिरवावे लागतात. त्या कामांतला जाणता माणूस आतां सहज मिळत नाहीं. आणि पावसाळ्यांत मातीची भिंत खचूं लागली म्हणजे घरच्यांची झोप उडते. तेव्हां पक्क्या घराची हौस ही चूक नव्हे. चूक एवढीच कीं, जुन्या घरांत उष्णतेचा बंदोबस्त कशानें होत होता, हें तें पाडतांना आपण पाहत नाहीं. कवेलूंच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते, खालचा माळा दुसऱ्या छताचें काम करितो, आणि हातभर जाडीची भिंत दुपारचें ऊन सायंकाळपर्यंत आंत येऊं देत नाहीं. उघडा स्लॅब दिवसभर ऊन पितो व रात्रीं तें खोलींत सोडतो. छताचा पंखा मग तीच तापलेली हवा खालीं ढकलीत राहतो.

या गोष्टीची दखल कायद्यानें घेतलेली आहे. 2001 सालच्या ऊर्जा संवर्धन अधिनियमाखालीं 2007 मध्यें मोठ्या व्यापारी इमारतींसाठीं नियमावली निघाली. राहत्या घरांसाठीं डिसेंबर 2018 मध्यें ‘इको निवास संहिता’ प्रसिद्ध झाली. छताविषयीं तिची अट अशी कीं, आंत व बाहेर एक अंशाचा फरक असतां छताच्या एका चौरस मीटरांतून 1.2 वॅटहून अधिक उष्णता आंत जाऊं नये. उघड्या स्लॅबांतून सुमारें तिप्पट जाते. त्यावर पॉलिस्टायरीन फोमचा एक इंच जाडीचा थर घालून वर फरशी बसविली, तर हा आंकडा एकाच्या आसपास उतरतो. फोममध्यें कोंडलेली हवा उष्णतेस अडविते; वस्तुतः सारें काम हवेचेंच आहे. (तिरोड्याच्या 3,300 मेगावॅटच्या वीजकेंद्रांत कोळसा जळून राख उरते. अशा राखेच्या विटा लावल्या म्हणजे घर थंड राहतें, असा समज आम्हीं अनेकांकडून ऐकला आहे. तो खरा नाहीं. साधी राखेची वीट लाल विटेइतकीच उष्णता जाऊं देते. हवेचे बुडबुडे असलेला हलका ब्लॉक मात्र पुष्कळ कमी.)

परंतु ही संहिता 500 चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडावरील इमारतींसाठीं आहे. म्हणजे आमच्याकडील सामान्य घरमालकास तिचा एक पैसाही खर्च पडत नाहीं. प्रथमदर्शनीं ही दयाच वाटते. प्रधानमंत्री आवास योजनेखालीं सपाट प्रदेशांतील खेड्यांत घरकुलास 1,20,000 रुपये मिळतात, व घर निदान 25 चौरस मीटरांचें, म्हणजे सुमारें 270 चौरस फुटांचें, असावें लागतें. वर सांगितलेल्या थरास चौरस फुटामागें 60 रुपये धरले तरी 16,200 रुपये होतात. मिळालेल्या रकमेच्या आठव्या हिश्शाहून अधिक! मजुरी व लोखंड यांतच रक्कम संपवून ज्यानें दारासाठीं उसनवारी केली, त्यावर अशी सक्ती करणें अन्यायाचें होईल.

मात्र खर्चांतून सुटका झाली म्हणून उन्हांतून सुटका झाली असें नव्हे. बांधतांना टळलेला पैसा पुढें विजेच्या बिलांत भरावा लागतो. जुना पंखा सुमारें 75 वॅट वीज घेतो, नवा कमी विजेचा सुमारें 30. दिवसाला 15 तास चालला तर महिन्यास 20 युनिट वांचतात. युनिटास 6 रुपये धरल्यास 120 रुपये. नवा पंखा दीड हजारांनीं महाग असला तर ती रक्कम साडेबारा महिन्यांच्या वापरांत फिटते. हिशेब चोख आहे. पण दीड हजार आज द्यावे लागतात व 120 हळूहळू येतात, येथेंच गरीब मनुष्य अडतो. एलईडी दिव्यांची अडचण हीच होती. सरकारनें एकत्र खरेदी केल्यानें 2014 मध्यें 310 रुपयांस पडणारा दिवा 2016 मध्यें 38 रुपयांपर्यंत उतरला. एकेका घरमालकास काटकसरीचा उपदेश करून हें झालें नसतें. आमच्या मतें घरकुलाच्या छतासही हाच न्याय लावावा: अट घालावयाची तर तिचे पैसे रकमेंत वाढवून द्यावे.

तोंवर चुना आहे. पांढरें छत बरेंचसें ऊन परत फेंकतें. तेलंगण राज्यानें 2023 मध्यें थंड छतांचें धोरण ठरविलें, तेव्हां मोठ्या इमारतींस तें सक्तीचें व लहान घरांस ऐच्छिक ठेविलें. चुन्यानें कूलरची गरज सरत नाहीं, शिवाय धूळ व पावसाळी शेवाळ यांमुळें दरवर्षीं नवा हात द्यावा लागतो. आम्हीं चुन्यापूर्वीं एक प्रयोग केला होता: जुने कवेलू जपून ठेविले होते, ते स्लॅबावर उपडे मांडले. खोली खरोखर निवली. पण माकडांना जुनी ओळख पटली व दोन महिन्यांत तुकडे वेंचण्याची पाळी आली.

आमच्या दहावीच्या वर्गांतील एक विद्यार्थी अशाच घरकुलांत राहतो. गतवर्षीं उन्हाळ्यांत तो रात्रीचा अभ्यास राइस मिलच्या ओट्यावर करीत असे. यंदा मार्चच्या आरंभीं त्यानें व त्याच्या वडिलांनीं छतास चुन्याचे दोन हात दिले. शेजारच्या तशाच घराचें छत उघडें आहे. शाळेचे दोन तापमापक आम्हीं त्याच्या स्वाधीन केले आहेत. दोन्हीं घरांतील रात्रीं दहाचे आंकडे तो रोज वहींत उतरून घेतो, आणि मेअखेर ती वही वर्गांत वाचावयाची असें ठरलें आहे.