सेंट जॉर्जच्या खडकावरची कौलं

जोतिबाच्या डोंगरावर वाढलेल्या माणसानं बुडालेल्या जहाजांच्या नादी लागावं, याचं आमच्या भावकीला अजून नवल वाटतं. पण चैत्रातली यात्रा आटोपली, सासनकाठ्या आपापल्या गावी परतल्या, की डोंगरावर जरा उसंत मिळते. नेमके तेच दिवस, पावसाळ्याआधीचे, किनाऱ्यावर पाण्यात उतरायचे. त्या उसंतीत मी घाट उतरत आलो. हळूहळू पोवळ्यांपेक्षा जहाजांचंच वेड जास्त लागलं.

बुडालेलं जहाज म्हटलं की मराठी माणसाला ‘रामदास’ आठवते. 17 जुलै 1947, गटारी अमावास्या, रेवसला निघालेली बोट आणि सहाशेहून जास्त बळी. त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. अलीकडे ‘गुलदार’ चर्चेत असते. पोलंडमध्ये बांधलेली, 1985 साली नौदलात आलेली आणि जानेवारी 2024 मध्ये निवृत्त झालेली ही युद्धनौका. निवतीजवळ ती मुद्दाम बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायचं, अशी सरकारची योजना. माझा तिला पाठिंबा आहे. हौशी पाणबुड्यांना उतरायला साफसूफ केलेलं जहाज मिळालं, तर जुन्या, नाजूक जागांवरची गर्दी कमी होईल. कारण त्या जागांवर जे पडलं आहे ते एकदा हललं की कायमचं मुकं होतं.

अशा जागा आपल्या शेजारी, गोव्यात आहेत. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला सागरी पुरातत्त्वाचं काम उभं राहिलं, ते लोथलचं उत्खनन करणाऱ्या एस. आर. राव यांच्यामुळे. द्वारकेमुळे त्या कामाचं नाव झालं. पण पुढे शिला त्रिपाठी, ए. एस. गौर, सुंदरेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुरगावच्या तोंडाशी जे शोधलं, ते मला द्वारकेहून जवळचं वाटतं. तिथल्या सुंची खडकावर, सहा मीटरांच्या आतल्या पाण्यात, सतराव्या शतकातल्या एका पोर्तुगीज जहाजाचा माल सापडला. लोखंडी तोफा, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, मर्तबानी रांजणांची खापरं, हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात! पाणघोडा आफ्रिकेचा, मर्तबान ब्रह्मदेशातलं. म्हणजे एका खडकावर आफ्रिका, चीन आणि ब्रह्मदेश एकत्र पडलेले. वर्तमानपत्रांना आवडावं असंच सगळं.

मला मात्र झपाटलं ते सेंट जॉर्ज खडकावरच्या मालानं. ग्रँडे बेटाच्या परिसरातला हा खडक. तिथे मिळाली भाजक्या मातीची कौलं. छपराची कौलं, आढ्यावर बसवायची कौलं, फरशा, सांडपाण्याचे नळ, धुराड्याच्या विटा, खांबांचे पोकळ टप्पे आणि त्या खांबांवर बसवायचे नक्षीदार माथे. सोनं नाही, तोफ नाही. कुणाच्या तरी बंगल्याचं किंवा चर्चचं बांधकाम सुट्या भागांत जहाजावर चढलं होतं, ते तसंच तळाला गेलं. त्या मालावर छाप होता: ‘बासेल मिशन टाइल वर्क्स 1865’.

ही अक्षरं मी लहानपणीच वाचली होती. पावसाच्या तोंडावर कौलं चाळायला माणसं वर चढायची. खाली उभं राहून फुटकी बाजूला काढायचं काम आम्हा पोरांचं. मंगलोरी कौल उलटं केलं की रिपेवर अडकायची नाकं दिसतात आणि त्यांच्यामध्ये कारखान्याचं नाव.

बासेल हे स्वित्झर्लंडमधलं शहर. तिथल्या मिशननं धर्मांतरामुळे जातीबाहेर पडलेल्यांना रोजगार हवा म्हणून विणकामाचे आणि मग कौलांचे कारखाने काढले. गेओर्ग प्लेब्स्ट या त्यांच्या माणसानं नेत्रावतीकाठची चिकणमाती पारखली आणि 1865 मध्ये मंगळूरजवळ जेप्पूला कारखाना सुरू केला. एकमेकांत अडकणाऱ्या कौलाची कल्पना आल्सासमधल्या जिलार्दोनी बंधूंची, 1841 ची. प्लेब्स्टच्या कारखान्यानं त्या जातीचं कौल आपल्याकडे रुजवलं. खापऱ्यांचं छप्पर जड असतं आणि माकडांनी एक फेरी मारली की गळायला लागतं. हे कौल हलकं, जागच्या जागी बसणारं. पश्चिम किनाऱ्यावर आणि घाटावर ते पसरलं, ते काही उगाच नाही.

आता त्या सालाकडे वळू. छाप वाचून झटकन वाटतं की जहाज 1865 च्या सुमारास बुडालं. जहाजांची आवड असलेल्यांच्या गप्पांत मी हे ठामपणे सांगितलेलं ऐकलं आहे, आणि दर वेळी वाद घातला आहे. 1865 हे कारखान्याच्या स्थापनेचं साल. ते पुढेही छापलं जायचं. त्यामुळे ते फक्त खालची मर्यादा सांगतं: जहाज याच्या आधी बुडालेलं असू शकत नाही. वरची मर्यादा इतिहासात शोधावी लागते. मिशनमध्ये जर्मन माणसं बरीच होती. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारनं त्यांना शत्रुपक्षाचं ठरवून मिशनचे कारखाने ताब्यात घेतले आणि युद्धानंतर ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. जुना साठा गृहीत धरला तरी हा माल भाजला गेला तो साधारण त्या पन्नास वर्षांतच. एका कौलानं एवढं सांगणं मला पाणघोड्याच्या दातापेक्षा मोलाचं वाटतं.

लाकूड एवढं सांगायला उरत नाही. आपल्या कोमट समुद्रात टेरेडो नावाचा जीव ते पोखरून संपवतो, लोखंड गंजून फुगतं, भाजलेली माती मात्र तशीच राहते. पण ती वर काढली की जोखीम सुरू होते. छिद्राछिद्रांत खारं पाणी मुरलेलं असतं. तसंच वाळू दिलं तर मिठाचे स्फटिक होतात आणि पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात, त्याबरोबर अक्षरंही जातात. म्हणून अशा वस्तू पाणी बदलत बदलत गोड्या पाण्यात दीर्घकाळ ठेवाव्या लागतात. आठवण म्हणून पिशवीत टाकून नेलेलं कौल घरच्या कपाटात हळूहळू सोलत जातं. शिवाय 1972 च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते, हे पाण्यात उतरण्याआधीच हौशी मंडळींना सांगितलं गेलं पाहिजे.

उथळ पाणी सोपं, हा समजही चुकीचा. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, पाच मीटरवर दीडपट. त्यामुळे एका टाकीवर पाण्याखाली बराच वेळ मिळतो हे खरं. पण वरच्या लाटेचा हेलकावा थेट तळापर्यंत पोचतो. ग्रँडेजवळ उतरलो तेव्हा तो मला पुढे ढकलायचा, तितकाच मागे ओढायचा. तळाचा गाळ उठला की स्वतःचा हात दिसेना. शिंपल्यांनी आणि शेवाळानं मढलेलं कौल त्या गढूळात दगडासारखंच दिसणार. संशोधकांनी अशा पाण्यात मोजमापं घेतली, प्रत्येक वस्तू कुठे मिळाली याची नोंद ठेवली. वस्तूंपेक्षा ती नोंदच खरा ठेवा आहे.

या कामाला घाटावरून मदत होऊ शकते. बासेलच्या पाठोपाठ मंगळूर परिसरात 1868 च्या अल्बुकर्कसारखे आणखी कारखाने निघाले. छापातली अक्षरं, साल आणि चिन्हं यांच्या तऱ्हा गोळा झाल्या, तर कोणता छाप कोणत्या काळातला, हे ठरवायला आधार मिळेल, आणि समुद्रातल्या कौलाचं वय अजून नेमकं सांगता येईल. पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावड्याकडे जुनी घरं पाडून स्लॅब पडत आहेत. ढिगातलं एक कौल उलटं करून छापाचा फोटो घ्यावा, आणि घर कोणत्या साली बांधलं ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून सोबत लिहून ठेवावं. बांधकामाचं साल माहीत असलेल्या छपरावरचं कौल इथे सगळ्यात उपयोगाचं.